सर्व्हर सातवरची तीन माणसं

२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तू बसवून दिलेला खेळ अजून चालतो का, असं विचारलंस. चालतो. तू शिकवलेलं त्यातलं आम्ही काहीच करत नाही, म्हणूनही चालत असेल. राक्षस मारायचे असतात म्हणे. ते डोंगरापलीकडे राहतात. आम्ही तिकडे जात नाही, ते इकडे येत नाहीत. शेजार असावा तर असा.

आम्ही म्हणजे तिघं. मी, भट्टीवाला आणि पॅकिंगवाली. बाटल्यांचा कारखाना बंद पडला आणि आम्ही तीन दिशांना फेकले गेलो. भट्टीवाला मुलाकडे, पॅकिंगवाली बहिणीकडे, मी माझ्याकडे. रोज पाच वाजता, दुसरी पाळी चहाला सुटायची त्या वेळेला, आम्ही खेळातल्या तळ्यावर जमतो. पाण्यात घुसलेला एक लाकडी धक्का आहे. त्यावर गळ टाकून बसतो. मासा लागला तर सोडून देतो. तासाभरात पंधराएक वाक्यं टाईप होतात, त्यातली निम्मी नुसती ‘हं’.

तुला वाटेल, म्हातारी वेडी झाली. अरे, चाळीस वर्षं ब्लोअरशेजारी काढून भट्टीवाल्याला आता ठार ऐकू येत नाही. फोन केला तर चारदा ‘कोण?’ म्हणून ओरडतो आणि सुनेच्या हातात देतो. सून म्हणते, ‘बाबा बरे आहेत.’ धक्क्यावर तो स्वतः असतो, आणि बरा क्वचितच असतो. म्हणून गंमत.

काल हसून हसून माझा चहा सांडला. कारखान्यात हा माणूस ‘नाजूक, सांभाळून उचला’ असा शिक्का मारलेल्या खोक्यांवर झोपायचा. एकदा पॅकिंगवालीने तोच शिक्का झोपेत त्याच्या पोटावर मारला, आणि हा तसाच घरी गेला. बायकोने विचारलं, हे कुणी लिहिलं? खरी गोष्ट आम्हा तिघांपलीकडे कुणाला माहीत नाही. साहेबाला कळती तर दोघांची नोकरी गेली असती. तुला चौथा म्हणून सांगते. पोटात ठेव.

तू निवडून दिलेला हा सर्व्हर सात झकास आहे. कुणी म्हणजे कुणी नसतं.

तुझी आत्या

८ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

पत्र वाचून इतका हसलो की शेजारच्या टेबलावरचे विचारायला आले. तुझी लेखणी म्हणजे करवत आहे.

मला बढती मिळाली. आता मी प्रसारकांच्या विभागात. प्रसारक म्हणजे स्ट्रीमर. ते बसून खेळतात, आणि लाखो लोक आपापल्या घरी बसून त्यांना खेळताना बघतात. हसू नकोस, जग बदललंय. अशा माणसाने आमचा खेळ हातात घेतला की त्याच्यामागे सगळा लोंढा येतो. सध्या ‘तुफान’ नावाच्या एकाशी बोलणी चालली आहेत. फार मोठा माणूस आहे. वय तेवीस. त्याला काहीतरी वेगळं, ‘खऱ्या माणसांचं’ हवंय. आम्ही डोकं खाजवतोय.

बरं, तुमच्या तळ्यावर पाच वाजता साधारण किती लोक असतात? सहज विचारतोय.

ढब्बू (वय वर्षे चौतीस, कृपया नोंद घ्यावी)

१३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस आशीर्वाद.

बढतीबद्दल अभिनंदन. काम करणारे थोडे आणि बघत उभे राहणारे फार, हे आमच्या कारखान्यातही होतं. पण तिथे बघणाऱ्यांना सुपरवायझर म्हणत.

तळ्यावर तिघं असतो. शिवाय एक अस्वल. ते खेळातलंच आहे की कुणी माणूस अस्वल होऊन येतो ते कळलेलं नाही. एवढ्या महिन्यांनी विचारणं बरं दिसत नाही.

आत्या

३ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद.

काल पाच वाजता खेळ उघडला तर पडद्यावर पाटी: ‘सर्व्हर भरलेला आहे. रांगेत तुमचा क्रमांक ४३१२.’ मला वाटलं, काहीतरी बिघडलं. बंद करून पुन्हा उघडला. क्रमांक ५०८०. म्हणजे रांग सोडली की शेपटाला. हे मला कुणी सांगितलं असतं तर उपकार झाले असते.

साडेसहाला आत शिरले. तळं दिसेना. माणसांवर माणसं उभी. कुणी पंखवाला, कुणी हाडाचा सांगाडा, एक नुसता भोपळा. सगळे धक्क्यावर उड्या मारत होते. मी एक पाऊल टाकलं की पडदा गोठायचा, आणि अर्ध्या मिनिटाने मी भलतीकडेच असायची. शेवटी पाण्यात होते. भट्टीवाला रांगेतच राहिला. पॅकिंगवालीचा क्रमांक नऊ हजारावर होता, ती भाजी चिरायला गेली.

सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: तुफान. तुझा तोच का रे? एवढे मोकळे सर्व्हर सोडून त्याला हाच बरा सापडला?

आत्या

६ मार्च

ती. आत्यास सा. न.

मला स्वतःलाच धक्का बसला. हे प्रसारक मनाचे राजे असतात, कुठला सर्व्हर घेतील सांगता येत नाही. निव्वळ योगायोग.

तांत्रिक बाजू अशी, की सर्व्हर सातमध्ये एका वेळी तीन हजार माणसं मावतात. बाकीच्यांना बाहेर थांबवावं लागतं, नाहीतर सगळंच कोलमडेल. बाकी अकरा सर्व्हर रिकामे आहेत, आम्ही तशी सूचनाही लावली आहे. पण जिथे तुफान तिथेच सगळ्यांना यायचंय. रिकाम्या जागेला काय बघायचंय?

तुम्ही थोडे दिवस सर्व्हर चारवर जाता का? धक्का अगदी तस्साच आहे. किंवा सोपं म्हणजे तिघांचा फोनवर ग्रुप करा. मी करून देऊ?

ढब्बू

९ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद.

सर्व्हर चारवर जाऊन आले. धक्का तस्साच आहे, खरं. पण पात्र नव्याने घडवावं लागतं, आणि भट्टीवाला त्याला तयार नाही. त्याच्या नातवाने पात्राला मिशा लावून दिल्या होत्या, हुबेहूब त्याच्यासारख्या. नातू आता बोलत नाही, दार लावून बसतो. या वयात पुन्हा मिशा कोण लावणार, म्हणाला.

ग्रुपचं म्हणशील तर तो आहे. पॅकिंगवाली रोज सकाळी त्यावर गुलाबाचं फूल टाकते. पण ग्रुपवर गप्प बसता येत नाही, ढब्बू. कुणी गप्प बसलं की ‘काय झालं?’ सुरू होतं. धक्क्यावर तिघं गप्प बसलो तरी शेजारी शेजारी दिसतो. भट्टीवाल्याची बायको गेली तेव्हा तो आठ दिवस एक अक्षर न लिहिता रोज पाचला येऊन गळ टाकून बसला होता. आम्हीही बसलो. ते फोनवर कसं करतात ते मला लिहून पाठव.

तुझ्या लोंढ्याने नवीनच टूम काढली आहे. कुणी बाहेर पडतच नाही. कीबोर्डच्या एका बटणावर वजन ठेवून देतात, म्हणजे पात्र गोल गोल चालत राहतं आणि जागा राहते. माणूस मात्र शाळेत नाहीतर कामावर. तळ्याकाठी आठशे पात्रं गोल फिरताहेत आणि आत एकही माणूस नाही. जागेवर रुमाल टाकणारे पाहिले होते, इथे रुमालच चालायला लागले.

आणि परवा आत शिरले तर धक्क्यावर तीन म्हातारे गळ टाकून बसलेले! मला आनंद झाला. जवळ गेले तर वेगळेच. पांढऱ्या दाढ्या लावलेले, एकमेकांना ‘हं’ ‘हं’ करणारे. त्यांच्यामागे अजून तीन. मागे अजून तीन. खो खो हसत होते. आम्ही गळ टाकतो आणि ‘हं’ म्हणतो हे यांना कुणी सांगितलं? अस्वल बोललं असेल का?

आत्या

२० मार्च

ती. आत्यास सा. न.

आनंदाची बातमी. वरच्यांशी भांडून तुमच्या तिघांसाठी पास मिळवले. रांग नाही, थांबणं नाही, बटण दाबलं की आत. पाच वाजता धक्का तुमच्यासाठी मोकळा ठेवला जाईल.

अट किरकोळ आहे. डोक्यावर तुफानच्या गटाचा जांभळा झेंडा दिसेल. आणि तो त्या वेळेला प्रसारण करत असेल तर त्यात तुम्ही दिसाल. काही करायचं नाही. फक्त नेहमीसारखं बसायचं.

ढब्बू

२१ मार्च

ढब्बू,

‘नेहमीसारखं बसा’ असं सांगितल्यावर नेहमीसारखा बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. कारखान्यात मोठे साहेब यायचे त्या दिवशी आम्ही नेहमीसारखं काम करायचो. त्या दिवशी सगळ्यात जास्त बाटल्या फुटायच्या.

नको. आम्ही रांगेत उभे राहू.

आत्या

४ एप्रिल

ढब्बू,

भट्टीवाल्याला पास तू परस्पर पाठवलास. मला कळलं कसं विचारशील, तर पाच हजार लोकांबरोबर मीही बाहेर बसून बघितलं. तुझ्या त्या तुफानचं प्रसारण लावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. रांगेतला माझा क्रमांक एका खिडकीत, तो दुसऱ्या खिडकीत.

धक्क्यावर भट्टीवाला एकटा. डोक्यावर जांभळा झेंडा, झेंड्याखाली त्या मिशा. तुफान त्याच्याभोवती नाचत होता. काय काय लिहून विचारत होता. ‘आजोबा, प्रेमात पडावं का?’ बिचारा एका बोटाने टाईप करतो. त्याच्या आयुष्यात एकच शास्त्र. बाटली साच्यातून लालभडक निघते, तिला तासभर हळूहळू थंड करावं लागतं. त्याने लिहिलं: ‘घाईने थंड केलं की तडकतं.’

लोक हसून कोसळले. हजारोंनी तेच वाक्य परत लिहायला सुरुवात केली. कोपऱ्यात तुफानचा चेहरा दिसत होता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता. भट्टीवाल्याला ऐकू येत नाही. त्यालाही पडद्यावर तो फक्त हसणारा चेहरा दिसतो. त्याला वाटतं, सगळे त्याच्याबरोबर हसताहेत. तुफान बोलत काय होता ते मी ऐकलं. लिहिणार नाही.

मग तुफान म्हणाला, ‘आजोबा, अजून नाजूकवाल्या खोक्यांवर झोपता का? पोट दाखवा, शिक्का आहे का बघू!’

मी एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसले, ढब्बू. बाटली दिव्यासमोर धरून तडा कुठून सुरू झाला ते सांगायची. हा तडा २ फेब्रुवारीच्या माझ्या पत्रापासून सुरू होतो. मीच लिहिलं, तूच वाचलंस. उगाच अस्वलावर संशय घेतला.

पॅकिंगवालीने आज ग्रुपवर फूल टाकलं नाही.

आत्या

१० एप्रिल

ती. आत्यास सा. न.

काय लिहू? शेजारच्या टेबलावरच्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने बैठकीत सांगितलं. बैठकीत सगळ्यांना आवडलं, खरंच आवडलं गं, एक बाई रडलीसुद्धा. ‘हेच ते, खरी माणसं’ म्हणाले. मग वरून विचारलं, कुठला सर्व्हर. मी नाही म्हणू शकलो असतो. पण नव्या खुर्चीत बसून जेमतेम आठवडा झाला होता.

पण एक विचारतो, रागावू नकोस. भट्टीवाले काका खूष आहेत ना? त्यांच्या मुलाने मला पत्र पाठवलंय. बाबा सकाळपासून पाचची वाट बघतात म्हणे, दाढी करून बसतात. नातू दार उघडून बाहेर आला, शाळेत मित्रांना सांगतो, हे माझे आजोबा. हे सगळं वाईटच का?

तुझा
ढब्बू

१२ जून

ती. आत्यास सा. न.

दोन महिने तुझं उत्तर नाही. मी दर आठवड्याला पेटी उघडून बघतो.

तुला हवं होतं ते झालं. तुफान गेला. दुसऱ्या कंपनीचा नवा खेळ आलाय, त्यात उडत्या गाड्या आहेत. मंगळवारी तिकडे गेला, बुधवारी लोंढा तिकडे. आम्ही सर्व्हर सातसाठी नवीन यंत्रं मागवली होती, ती गुरुवारी आली. आता सहा हजार माणसं मावतात. काल पाच वाजता आत नऊ होती.

रांग नाही. धक्का मोकळा आहे. जा, बसा.

ढब्बू

१९ जून

ढब्बू,

गेले, बसले.

भट्टीवाला होताच. झेंडा अजून डोक्यावर आहे, तुम्ही काढायला विसरलात. मी शेजारी बसून गळ टाकला. पॅकिंगवाली येत नाही. ‘मला ते बघवत नाही’ म्हणाली, आणि बहिणीबरोबर पोहायला जायला लागली. सुखी आहे. मी ‘हं’ लिहिलं.

त्याने लिहिलं, ‘आज किती जण बघताहेत?’

मी लिहिलं, मी बघते आहे.

मग दोन मिनिटांनी: ‘घाईने थंड केलं की तडकतं.’ पुन्हा दोन मिनिटांनी तेच. तासभर, ढब्बू. तळ्याला सांगत होता. आणि प्रत्येक वेळी लिहून झालं की त्याचं पात्र मागे वळायचं, लोक कुठवर आले बघायला.

हा माणूस बायको गेली तेव्हा आठ दिवस गप्प बसू शकला होता. आता त्याला दोन मिनिटं बसवत नाही.

सुनेला फोन केला. या वेळी ‘बाबा बरे आहेत’ म्हणाली नाही. दाढी करत नाहीत, म्हणाली. जेवायला उठत नाहीत, सहा वाजून गेले तरी कॉम्प्युटरपुढून हलत नाहीत. नातवाच्या मित्रांनी उडत्या गाड्या घेतल्या, त्याचं दार पुन्हा लागलं. बाबा विचारतात, माझं काय चुकलं? मी काही वावगं लिहिलं का?

तेव्हा आता ऐक. मला तुझी माफी नको. मला माणसं हवीत. एकदा पाठव. हजार नकोत. पन्नास पाठव. वीस चालतील. मोठ्या खुर्चीवर आहेस, लोंढा आणता येतो तर वीस माणसं आणता येतील ना?

हे मी मागते आहे, हे लक्षात ठेव. मी.

आत्या

२४ जून

ती. आत्यास सा. न.

सगळीकडे विचारलं. तुफानच्या माणसांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. छोट्या प्रसारकांनी विचारलं, त्यात नवीन काय? ऑफिसातल्यांना विनवलं, तर म्हणाले येतो, आणि दोघं आले, पाच मिनिटं थांबले.

एक उपाय आहे, पण लिहायला संकोच वाटतो. सर्व्हर किती गर्दी झेलतो ते तपासायला आमच्याकडे खोटी पात्रं असतात. माणूस नाही, नुसता प्रोग्रॅम. चालतात, उड्या मारतात, ठरवून दिलेली वाक्यं लिहितात. दोनशे पाठवू शकतो. दर गुरुवारी पाचला सर्व्हरची चाचणी म्हणून नोंद करेन, कुणी विचारणार नाही. नावं मी स्वतः बसून बदलेन, खरी वाटतील अशी. भट्टीवाले काका बोलले की ही पात्रं हसतील, टाळ्या वाजवतील.

तू नको म्हणालीस तर विषय संपला.

ढब्बू

२५ जून

पाठव.

३ जुलै

ढब्बू,

काल आली.

पाचला दोन मिनिटं कमी असताना डोंगराकडून उतरताना दिसली. भट्टीवाल्याने गळ बाजूला ठेवला आणि उभा राहिला. दोनशे जणांनी तळ्याला वेढा घातला. त्याने वाक्य लिहिलं. दोनशे जण हसले. तू लिहून दिलेलं ‘वा आजोबा’ आलं, ‘पुन्हा सांगा’ आलं. त्याने पुन्हा सांगितलं. मग चेवच चढला त्याला, भट्टीच्या गोष्टी सांगायला लागला, ज्या आम्हालाही कधी सांगितल्या नव्हत्या. पहिल्या पाळीत हात भाजला होता ती. बायको जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी यायची ती. बायकोच्या गोष्टीलाही ते हसले. त्याला चाललं.

मला वेगळं लिहिलं, ‘बघ, आले की नाही?’

मी लिहिलं, आले.

सुनेचा फोन आला. रात्री पोटभर जेवले, सकाळी दाढी केली.

तुझा माल तपासला. नावं ठीक आहेत. कपडे ठीक. सगळी एकदम उड्या मारतात, ते जरा मागेपुढे कर. त्याची नजर अधू आहे म्हणून खपलं. पण एक दोष मोठा आहे, तो काढलाच पाहिजे. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हसू येतं. माणसं आधी वाचतात. मग थोडी थांबतात. मग हसतात. दोन सेकंदांचा थांबा घाल. जमलं तर काहींना हसूच नको देऊस, नुसती बसू देत. पाच-सहा पुरेत. त्याच्या अगदी शेजारी नकोत, तिथे मी असते.

आणि गुरुवार ते गुरुवार फार लांब पडतं. सोमवारीही पाठव.

आत्या